पंधरावी मुलगी

त्या वर्षी अकरावीच्या गणित शाखेत मला पंधरा मुलं हवी होती आणि यादीत चौदाच नावं होती.

पंधराच का, ते आमच्या शाळेत कोणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. तसा कुठला कागद मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण स्टाफरूममध्ये तो आकडा फिरत होता. ज्या शाखेत पंधराहून कमी मुलं, त्या विषयाचा शिक्षक 'अतिशेष'. अतिशेष म्हणजे या शाळेला जास्तीचा झालेला, जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवला जाणारा. आदल्याच वर्षी आमच्या संस्कृतच्या मॅडम अशा अतिशेष होऊन गेल्या होत्या. माझ्या बाबतीत लोक मानपूरचं नाव घेत. तिथली गणिताची जागा कधीची रिकामी होती.

"अरे भिया, हाईवे पे है, हवा अच्छी रहती है उधर," कॉमर्सचे सर मला चिडवायचे. त्यांच्या वर्गात बसायला बाक पुरत नसत. त्यांचं हसायला काय जात होतं!

मी जुनी इंदूरमध्ये राहतो. घरापासून शाळा स्कूटरने बारा मिनिटं. बदली नको म्हणताना मी सगळ्यांना आईचं कारण सांगत असे. आईचं वय झालं, ती एकटी पडेल, वगैरे. खरं तर आई ठणठणीत होती. माझ्याआधी उठायची आणि माझ्यापेक्षा जास्त चालायची. मला पहाटे उठून बस पकडायची नव्हती आणि संध्याकाळच्या ट्यूशन सोडायच्या नव्हत्या. कारण एवढंच होतं. ते मी आजवर घरातही कधी असं सरळ सांगितलं नव्हतं.

आमच्या सरकारी शाळेत अकरावीला विषय निवडायचे म्हणजे काय, हेही सांगायला हवं. फॉर्मवर 'विद्यार्थ्याने निवडलेली शाखा' असं छापलेलं असतं, पण विद्यार्थ्याला कोणी विचारत नसे. दहावीची मार्कशीट बघायची. मार्क चांगले असले की गणित किंवा बायो, मधले असले की कॉमर्स, उरलेले सगळे आर्ट्स. भाजीवाला टोमॅटो निवडतो तसं. आईबाप सही करायचे किंवा अंगठा उमटवायचे. मुलं आपापल्या वर्गात जाऊन बसायची आणि दिवाळीपर्यंत त्यातली काही दिसेनाशी व्हायची. आम्ही म्हणायचो, पोरांना शिकायचंच नसतं.

ती मुलगी आईबरोबर आली तेव्हा जूनचा शेवट होता. मार्क बरे होते, गणितात तर चांगलेच होते. तिने फॉर्मवर स्वतःच 'आर्ट्स' लिहून आणलं होतं. आमच्या शाळेत हे जवळजवळ उद्धटपणाच होता.

"आर्ट्स का?" मी हिंदीत विचारलं.

"भूगोल आहे ना सर त्यात," ती मराठीत म्हणाली. माझं आडनाव दारावरच्या पाटीवर वाचलं असावं.

तिचे वडील ट्रान्सपोर्टच्या ट्रकवर होते, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती ॲटलास उघडून रोज त्यांची गाडी कुठवर पोहोचली असेल ते बघत बसायची. आज सेंधवा, उद्या धुळे. तिची आई हसत म्हणाली, "सर, फोन लागायच्या आधी ही मला सांगते, बाबा आता घाटात असतील, रेंज नसेल. आणि खरंच नसते."

आई एका मेसमध्ये पोळ्या करायची. हात धुवून आली असली तरी नखांत कणीक होती. मराठी मास्तर भेटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होता. "आम्हाला काय समजतं सर. मतलब, इथे सगळे हिंदीत बोलतात, फटाफट, काही विचारायची हिंमतच नाही होत. तुम्ही आपले लोक. तुम्ही बोला तसं करू."

तुम्ही आपले लोक. इंदूरमध्ये हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गणपतीच्या वर्गणीला, भाड्याच्या खोलीला, मुलगी दाखवायला. या वाक्यानंतर माणूस चौकशी करायची थांबतो.

मी त्या वाक्याचा फायदा घेतला. हिंदीत मी जे कधी बोललो नसतो ते मराठीत बोललो. "ताई, आर्ट्स नापास होणाऱ्यांसाठी असतं. आपल्या घरातली मुलगी, इतकी हुशार, आणि त्या वर्गात बसवायची? गणित घेतलं की सगळे रस्ते मोकळे राहतात. मी आहेच की शिकवायला."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "सर, मला भूगोल..."

"बेटा, भूगोल नंतरही वाचता येतो," मी म्हणालो.

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "सर सांगतात ना. सर आपल्या भल्याचंच सांगतील."

मी 'आर्ट्स'वर रेघ मारली आणि वर 'गणित' लिहिलं. त्या संध्याकाळी प्राचार्य मॅडमना यादी दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "चलो सर, आपका सेक्शन तो बच गया." घरी जाताना मी रतलामी शेव घेतली. हे का आठवतं ते मला माहीत नाही, पण आठवतं.

ऑगस्टपर्यंत ती पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर आणि तिथून भिंतीच्या कडेला गेली. दहावीचं गणित पाठ करून निभावता येतं, अकरावीचं येत नाही. फिजिक्स तर तिला पहिल्या दिवसापासून कळलं नाही. मी 'आहेच की' म्हणालो होतो खरा, पण शाळेतल्या तासाला मी तेवढाच असायचो जेवढा सगळ्यांसाठी असतो. ट्यूशनला मी तिला बोलावलं नाही. सहामाहीत तिला गणितात शंभरात अकरा मिळाले. पेपर परत देताना मी "मेहनत करो" असं म्हणालो. हिंदीत.

जानेवारीत ती येईनाशी झाली.

आता जे सांगायचं ते मला सगळ्यात जड जातं. मूल सलग गैरहजर राहिलं तर वर्गशिक्षकाने घरी जाऊन विचारायचं असतं. मी गेलो नाही. कारण शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे टीसी, तिने काढला नव्हता आणि जोवर टीसी निघत नाही तोवर नाव पटावर राहतं. पटावर पंधरा. मी तिच्या घरी गेलो असतो आणि ती "नाही येणार" म्हणाली असती तर चौदा झाले असते. म्हणून मी रोज तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत राहिलो आणि गप्प बसलो.

वर्ष संपल्यावर गेलो. दोन खोल्यांचं घर होतं, बाहेर तुळस. मुलगी नव्हती. बडा गणपतीकडच्या एका मॅचिंग सेंटरवर, म्हणजे ब्लाउजपीस आणि अस्तराच्या दुकानात, कामाला लागली होती. दाराशी धाकटी बहीण उकिडवी बसून फरशीवर खडूने भागाकार करत होती. आईने मला चहा दिला आणि म्हणाली, "सर, तुमचा काही दोष नाही. तुम्ही एवढं चांगलं करून दिलं. तिचंच डोकं नाही चाललं."

मी चहा प्यायलो. आलं घातलेला होता, छान होता. "होतं असं," मी म्हणालो आणि उठलो.

असे काही दिवस माणसाला बदलतात म्हणतात. मी एकदम बदललो वगैरे नाही. पण पुढच्या एप्रिलला मी मॅडमना एक गोष्ट विचारली. आमच्याकडे नवीन वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, मग उन्हाळ्याची सुट्टी लागते. दहावीचा निकाल आलेला नसतो आणि मुलं तात्पुरती कुठेतरी बसवलेली असतात. मी म्हणालो, या दिवसांत मुलांना सगळ्या शाखांच्या वर्गांत बसू द्यावं. चार दिवस गणित, चार दिवस कॉमर्स, चार दिवस बायो, चार दिवस आर्ट्स. मग फॉर्म भरू.

"उससे क्या होगा?" मॅडम म्हणाल्या.

"उन्हें पता चलेगा कि ऊब कहाँ कम आती है," मी म्हणालो. मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या.

ती कल्पना फार मोठी नव्हती, पण चालली. एका मुलाला बायोचे तास सोसेनात, बेडकाचं चित्र बघूनच तो बाहेर जायचा. त्याला घरच्यांनी डॉक्टर करायचं ठरवलं होतं. एका मुलीने कॉमर्सच्या चार दिवसांत सरांच्या बेरजेतली चूक दोनदा काढून दाखवली. सर मला येऊन म्हणाले, "यह लड़की मुझे दे दो भिया, नहीं तो मेरी नौकरी खा जाएगी." त्या वर्षी अकरावीतून कोणी गेलंच नाही असं नाही. एकीचं लग्न ठरलं, एक मुलगा घर सोडून गेला. पण विषय झेपत नाही म्हणून कोणी गेलं नाही. गणिताच्या वर्गातही नशिबाने त्या आणि पुढच्या वर्षी पुरेशी मुलं आली. मला बरं वाटायला लागलं होतं. इतकं बरं, की ती मुलगी क्वचितच आठवायची.

तिसऱ्या वर्षी तिची धाकटी बहीण आमच्या दहावीत होती.

तिला मी शिकवत नव्हतो, पण तिच्या वह्या स्टाफरूममध्ये हातोहात फिरायच्या. गणित तिला खरंच येत होतं, पाठांतराचं नव्हे. उत्तर बरोबर आलं तरी दुसऱ्या रीतीने करून बघायची आणि समासात लिहायची, 'ऐसे भी होता है.' परीक्षा संपल्यावर तिची आई शाळेत आली. पूर्वीसारखी हसली नाही.

"सर, दहावी झाली की हिचं नाव काढायचं आहे. टीसी कधी मिळेल?"

"का?"

"एकीचं बघितलं ना. तिला दुकानात लागायचंच होतं तर एक वर्ष आधी लागली असती. वर्षभर रडली पोरगी, आणि वर 'फेल'चा शिक्का. हिला नको ते."

धाकटी बाजूला उभी होती, ओढणीचं टोक पिळत.

मी पुढे वाकून बोललो, अगदी मनापासून. "ताई, असं करू नका. हिला आर्ट्स देऊ. सोपं जाईल. मोठीला गणित जड गेलं ना, तर हिला गणित नकोच. मी हमी घेतो, ही बारावी पूर्ण करेल."

आई विचार करत राहिली. "सोपं असेल तर ठीक आहे," शेवटी म्हणाली. "पण एकदम सोपं बघा."

मला वाटलं, मी आता चूक दुरुस्त केली. वर्गांत बसून बघायची माझीच रीत मी तिच्या बाबतीत सोडून दिली. "तुला फिरायची गरज नाही, तू सरळ आर्ट्समध्ये बस," असं तिला सांगितलं. त्या एप्रिलात दोनदा ती माझ्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर दिसली. दोन्ही वेळा मी तिला प्रेमाने उठवलं. "तुझा वर्ग तिकडे आहे बेटा." दुसऱ्या वेळी ती फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घेईपर्यंत दारात थांबली होती.

मे महिन्यात बायकोच्या भाचीचं लग्न होतं. ब्लाउजसाठी अस्तर हवं होतं म्हणून मी बायकोला घेऊन बडा गणपतीला गेलो. दुकानात शिरलो तेव्हा काउंटरच्या मागे ती मोठी मुलगी उभी होती. मला त्या दुकानाचं नाव माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी बायकोला दुसरीकडे नेलं असतं.

तिने मला ओळखलं. "नमस्ते सर," म्हणाली आणि बायकोने बरोबर आणलेल्या साडीचा पदर हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग न बघता मागच्या फळीवरून एक ठाण ओढलं. रंग तंतोतंत तोच होता. बायको "अगं बाई!" म्हणाली.

"सर, लहानीला आर्ट्स तुम्ही दिलं?" कापड मोजताना तिने विचारलं.

"हो. सोपं जाईल म्हणून."

"तिला विचारलं?"

मी पैसे द्यायला पाकीट काढलं.

"ती घरी येऊन रोज गणितच करते. तुमच्या वर्गातलं उतरवून आणते. आईला सांगायची हिंमत नाही तिची, कारण माझं झालेलं आहे ना." तिने कात्री लावली आणि कापड सरळ फाडलं. "तुम्ही सारखं सोपं-अवघड बघता सर. मलाही आर्ट्स सोपं नसतं गेलं. इतिहासात माझं डोकं दुखायचं. पण मी बसले असते."

दुकानात गर्दी नव्हती. मालक बाहेर फोनवर बोलत होता. तिथे, अस्तराच्या ठाणांसमोर, मी तिला सांगितलं. चौदा नावं होती, पंधरावं हवं होतं, मला मानपूरला जायचं नव्हतं. ती येईनाशी झाली तेव्हा मी घरी का आलो नाही, तेही सांगितलं. बायको माझ्याकडे बघत उभी होती. तिलाही हे नवीन होतं.

मुलीने कात्री काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला मी हुशार वाटले म्हणून तुम्ही गणित दिलं."

मी माफी मागितली. ती ऐकली न ऐकल्यासारखी करून तिने घडी घातली, कॅरीबॅगमध्ये भरली.

"मला नका सांगू सर. आईला सांगा. ती अजून मलाच बोलते, तुझं डोकं नाही चाललं म्हणून. तीन वर्षं झाली."

बाहेर आल्यावर बायको स्कूटरवर मागे बसली. घरी उतरताना म्हणाली, "आजच जाऊन या."

मी त्या दिवशी गेलो नाही, दुसऱ्या दिवशी गेलो. भित्रेपणाला एक रात्र लागतेच. सकाळी दहाला मेसमध्ये गेलो, कारण घरी गेलो असतो तर पुन्हा चहा झाला असता. मुलींची आई पोळ्या लाटत होती. शेजारी दुसरी बाई भाजत होती. मी म्हणालो, ताई, थोडं बाहेर येता का? ती म्हणाली, "डबे जायचे आहेत सर, इथेच बोला." म्हणून मी त्या दुसऱ्या बाईसमोर, तव्याच्या धगीत उभा राहून सगळं सांगितलं. तिच्या मुलीचं डोकं उत्तम चालत होतं. मी तिला चुकीच्या जागी बसवलं ते माझ्या सोयीसाठी. दोष माझा होता आणि त्या दिवशी चहा पिताना मी तो तिच्या मुलीवर राहू दिला.

लाटणं थांबलं नाही. चार-पाच पोळ्या झाल्या. मग ती म्हणाली, "आणि आज का आलात?"

"धाकटीला गणित घ्यायचं आहे. तिला खरंच येतं. तिला मी आर्ट्स दिलं तेही चुकलंच."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "यंदा ही कितीवी, सर?"

पोळ्या भाजणारी बाई गालातल्या गालात हसली. उत्तर खरंच पंधरावी असं होतं. त्या वर्षी माझ्या यादीत पुन्हा चौदा नावं होती. मी कितीही खरं बोललो तरी माझ्या तोंडून ते पुन्हा तसंच वाजणार होतं, आणि तिने त्यावर विश्वास ठेवावा असं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"पंधरावी," मी म्हणालो. "म्हणून तिला माझ्या शाळेत घालूच नका. तुमच्या मोठीच्या दुकानापासून पाच मिनिटांवर मुलींची सरकारी शाळा आहे. तिथे गणित आहे, फिजिक्सच्या मॅडम चांगल्या आहेत, मी त्यांना ओळखतो. तिथे मला तिचा काही उपयोग नाही. टीसी मी स्वतः आणून देतो."

ती लाटणं हातात धरून उभी राहिली. "मग तुमचं?"

"माझं जे व्हायचं ते होईल."

"सोडेल ना ही शाळा अर्ध्यात? खरं सांगा. या वेळेस खरं सांगा."

"सांगता येत नाही ताई," मी म्हणालो. "पण तिला स्वतःला हवं आहे. मोठीलाही स्वतःला हवं ते मिळालं असतं तर ती टिकली असती असं मला वाटतं."

पोळी फाटली होती. गोळा करून तिने ती पुन्हा लाटायला घेतली. मी निघालो तेव्हा मागून म्हणाली, "टीसी सोमवारी आणा. मेसमध्ये नको, घरी."

प्राचार्य मॅडमकडे टीसीवर सही मागितली तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "सर, आप होश में हैं? यही तो एक बच्ची थी जिससे आपका नंबर पूरा होता." मी म्हणालो, हो, म्हणूनच. कॉमर्सच्या सरांना कळलं तेव्हा ते या खेपेला हसले नाहीत. कँटीनमध्ये मला एकट्याला नेऊन पोहे खायला घातले आणि म्हणाले, "तू पागल है भिया," आणि वरून आणखी शेव टाकायला लावली.

सोमवारी मी टीसी घरी नेऊन दिली. नव्या शाळेतल्या प्रवेशाला मी गेलो नाही, जायचा हक्क नव्हता. पण फिजिक्सच्या मॅडमकडून कळलं. आईला मेसमधून सुट्टी मिळाली नव्हती, वडील नागपूरच्या वाटेवर होते. तिथे मुलीला चार वर्गांत बसवून बघायचा प्रकार नाही. मॅडमनी फॉर्म पुढे केला आणि विचारलं, पालक कोण? मोठी दुकानातून अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन आली होती. आईनेच तिला पाठवलं होतं, म्हणाली होती, "तू जा, तुला यातलं समजतं." शाखेच्या रकान्यात धाकटीने स्वतः लिहिलं आणि पालकाच्या जागी मोठीने सही केली. मॅडम म्हणाल्या, सही करण्याआधी तिने धाकटीला तीनदा विचारलं, "पक्का ना? पक्का ना? बाद में रोएगी तो मैं मारूँगी."

ऑगस्टमध्ये यादी लागली आणि मी अतिशेष झालो. मानपूर. पहाटे उठतो, बस पकडतो. ट्यूशन बंद झाल्या. आई आता मला उठवते आणि हसते, कारण तिच्या नावावर मी इतकी वर्षं जे टाळलं त्यात तिला काही अडचण नव्हती, हे तिला बायकोकडून कळलं आहे. "मला विचारलं असतंस तर मीच पाठवलं असतं," म्हणाली.

मानपूरच्या शाळेत माझ्या वर्गात नऊ मुलं आहेत. इथे यायलाच कोणी तयार नसतं, म्हणून कोणी मोजत नाही. ढाब्यांची, पंक्चरवाल्यांची, शेतांवरची मुलं आहेत. एप्रिलमध्ये इथेही मी तो वर्ग-फिरण्याचा प्रकार सुरू केला. इथे कृषी शाखाही आहे, तिच्याकडे आधी सगळे नाक मुरडायचे. फॉर्म भरायच्या आधी प्रत्येक मुलाशी एकट्याशी बोलतो, मग आईबापांशी, आणि कोणी "सर, तुम्ही म्हणाल तसं" म्हणालं की फॉर्म बंद करून त्यांना उद्या यायला सांगतो. चिडतात. एक ढाबेवाला म्हणाला, "गुरुजी, डॉक्टर तो पर्ची लिख देता है, आप मरीज से ही पूछते हो?" पण दुसऱ्या दिवशी आला, मुलाला बरोबर घेऊन.

मोठी अजून दुकानात आहे. बारावी बाहेरून देता येते, त्याचा फॉर्म मी तिला पाठवला होता. तिने "बघू सर" असं उत्तर दिलं. मी पुन्हा विचारलं नाही. तिला हवं असेल तेव्हा तो तिच्याकडे आहे, आणि नको असेल तर माझ्या समाधानासाठी तिने काही करावं हे मला आता मागता येत नाही.

धाकटीचा अकरावीचा निकाल लागला त्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, मी बोलते. फिजिक्समध्ये सप्लीमेंट्री आली."

बस महूच्या अलीकडे होती, खिडकीतून धूळ येत होती. एका विषयात नापास, पुन्हा परीक्षा: हीच ती जागा, जिथून मुलं परत फिरतात. या वेळी मी तिच्या आईला हमी दिली नव्हती, तरी मनात दिलीच होती.

"गणितात?" मी विचारलं.

"गणितात बहात्तर."

"आणि आई काय म्हणाली?"

"आई म्हणाली, एकच विषय राहिला ना, मग तोंड काय पाडतेस." मागे कोणीतरी बोललं. मोठीचा आवाज असावा. "दीदी म्हणते, सरांना विचार, टीसी काढायची का." आणि दोघी हसल्या. हसणं इतकं मोठं होतं की शेजारच्या माणसाने माझ्याकडे वळून पाहिलं.

"काढायची का?" मी विचारलं.

"कशाला सर? परीक्षा पुढच्या महिन्यात आहे." मग जरा थांबून, घाईघाईने, "सर, तुम्ही रविवारी घरी असता का? मला रोटेशनचा चॅप्टर अजिबात नाही समजत. मॅडम म्हणाल्या, त्यात गणितच जास्त आहे."

"असतो," मी म्हणालो. "सकाळी ये. दीदीलाही घेऊन ये, तिला यायचं असेल तर."

"विचारते," ती म्हणाली.